ठोकळा हलायच्या आधी: घर्षणाच्या प्रयोगसंचाचा आमचा अनुभव

माझी लेक आठवीत आहे. घर्षणाचा धडा तिला तोंडपाठ होता. व्याख्या, प्रकार, घर्षण कमी करण्याचे उपाय, वाढवण्याचे उपाय, सगळं न अडखळता म्हणून दाखवायची. एकदा मी सहज विचारलं, "तू कपाट ढकललंस आणि ते हललं नाही. त्या वेळी घर्षण किती?"

ती म्हणाली, "माझ्या जोरापेक्षा जास्त. म्हणून तर हललं नाही."

मग मी म्हटलं, "जास्त असेल तर कपाट उलटं तुझ्या अंगावर यायला हवं ना?"

ती गप्प झाली. धडा पाठ असून गाठ नेमकी कुठे अडली आहे ते मला तिथे दिसलं, आणि त्याच आठवड्यात हा संच मागवला. गेले दोन महिने आम्ही तो वापरतोय. माझा भाचा सहावीत आहे, तोही सुट्टीच्या दिवशी येऊन बसतो. मी बावीस वर्षं लेथवर आणि टूलरूममध्ये काढली आहेत. घर्षणाशी माझा रोजचा संबंध आहे, त्यामुळे या संचाकडे मी जरा बारकाईने पाहिलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण याच धर्तीचे संच बरेच मिळतात आणि जे सांगायचं आहे ते सगळ्यांनाच लागू पडेल.

खोक्यात काय आहे ते आधी सांगतो. हुक लावलेला २०० ग्रॅमचा लाकडी ठोकळा, २०० ग्रॅमची दोन वजनं, ५ न्यूटनपर्यंत जोर मोजणारा स्प्रिंगचा ताणकाटा, टेकू लावून तिरपी करता येणारी लाकडी फळी, तिच्यावर अंथरायला रबर, जाड कापड आणि सँडपेपर, काचेच्या दोन पट्ट्या, गोट्यांची डबी, चावीची छोटी गाडी, तेलाची बाटली आणि चोवीस पानी पुस्तिका. ठोकळ्याचे कोपरे काटकोनात आहेत, मी गुण्या लावून पाहिले. काचेच्या कडा घासून बोथट केल्या आहेत, मुलांच्या हातात द्यायला भीती नाही. काम प्रामाणिक आहे.

पुस्तिकेतला पहिला प्रयोग असा: ठोकळा फळीवर ठेवा, ताणकाट्याने ओढा, हलायला लागेल तो आकडा लिहा. लेकीने ओढलं, ठोकळा हलला, तिने ०.९ लिहिलं आणि पान उलटायला लागली. मी तिला थांबवलं. म्हटलं, पुन्हा ओढ, पण ०.३ वर थांब. काटा ०.३ वर, ठोकळा जागचा हलेना. "आता घर्षण किती?" ती काट्याकडे बघत राहिली. मग ०.५ वर थांबवलं, मग ०.८ वर. शेवटी काटा पूर्ण सैल सोडायला लावला आणि विचारलं, "आता?"

"आता शून्य," ती म्हणाली. आणि जरा वेळाने, "म्हणजे बाबा, मी जेवढं ओढते तेवढंच ते परत ओढतं? मोजून?"

बरोबर तेवढंच. स्थितिक घर्षण, म्हणजे वस्तू हलत नसतानाचं घर्षण, हा एक ठरलेला आकडा नाही. शून्यापासून एका कमाल मर्यादेपर्यंत ते आपल्या ओढीइतकंच राहतं, आणि मर्यादा ओलांडली की वस्तू सुटते. आमच्या ठोकळ्याची मर्यादा ०.९ न्यूटन. त्याच्या आतला प्रत्येक आकडा ठोकळा स्थिर असताना घर्षणाचा असू शकतो. कपाटाचा प्रश्न तिथेच सुटला. तिने कपाट जितक्या जोराने ढकललं तितकंच घर्षण होतं, ना कमी ना जास्त.

माझ्या मते संचाची सगळी किंमत या पाच मिनिटांत वसूल होते. वाईट एवढंच वाटतं की पुस्तिका हे करायला सांगतच नाही. तिच्या तक्त्यात 'ठोकळा हलला तेव्हाचा आकडा' असा एकच रकाना आहे. ठोकळा हलायच्या आधीच्या आकड्यांना जागाच नाही. मुलगा एकटाच प्रयोग करत बसला तर घर्षण म्हणजे ०.९ हे पक्कं करून उठेल, आणि कपाटाच्या प्रश्नाला पुन्हा तेच उत्तर देईल. तुम्ही हा संच घेतलात तर पहिल्या तक्त्यात पेनाने चार ओळी वाढवा: ओढ ०, ०.३, ०.५, ०.८, आणि प्रत्येक ओळीसमोर मुलाला घर्षण लिहायला लावा. बाकी सगळं त्यानंतर.

आता ताणकाट्याबद्दल. हा काटा उभा टांगून वापरण्यासाठी बनवलेला असतो. आडवा धरला की त्याच्या हुकाचं स्वतःचं वजन स्प्रिंगवर येत नाही आणि दर्शक शून्याच्या थोडा मागे राहतो. वरचा स्क्रू फिरवून आडव्या स्थितीत शून्य लावून घ्यावं लागतं. दुसरं म्हणजे आतली दांडी प्लॅस्टिकच्या नळीला घासते, म्हणजे घर्षण मोजायच्या साधनातच घर्षण आहे. बोटाने नळीवर हलकी टिचकी मारली की दांडी खऱ्या जागी येते. आमच्या पहिल्या दिवसाचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते, ते या दोन गोष्टींमुळे. तिसरं कारण म्हणजे भाचा काटा जरा वर उचलून ओढायचा. वर ओढलं की ठोकळा फळीवर कमी दाबला जातो आणि घर्षण कमी भरतं. दोरी फळीला समांतर हवी.

ठोकळा सरकत असताना आकडा घ्यायचा तर एकसारख्या वेगाने ओढायला हवं, आणि ते लहान हातांना जमत नाही. काटा सारखा नाचतो. मी उलट केलं. काटा टेबलाच्या कडेच्या खिळ्याला अडकवला, ठोकळा काट्याला बांधला आणि मुलांना खालची फळी ओढायला सांगितली. आता ठोकळा जागेवरच राहतो, फळी त्याच्याखालून सरकते. फळीचा वेग थोडा कमीजास्त झाला तरी काटा बऱ्यापैकी स्थिर राहतो. ०.६ ते ०.७ च्या मधे तो टिकून राहिला. सुटायला ०.९ आणि सरकत ठेवायला त्याहून कमी, हा फरक दोघांनाही न सांगता दिसला. भाचा म्हणाला, "मामा, म्हणून ढकलगाडी सुरू करायलाच दम लागतो." ढकलगाडीत आणखीही कारणं असतात, पण त्याचं निरीक्षण चुकीचं नव्हतं.

यानंतर वजनाचा प्रयोग. एक वजन ठेवलं, म्हणजे एकूण ४०० ग्रॅम, सरकताना साधारण १.३ न्यूटन. दोन वजनं ठेवली, ६०० ग्रॅम, १.९ ते २. वजन दुप्पट तर घर्षण दुप्पट, तिप्पट तर तिप्पट. मग ठोकळा अरुंद बाजूवर उभा केला. लेकीची खात्री होती की टेकणारी जागा कमी म्हणजे घर्षण कमी. काटा पुन्हा ०.६ आणि ०.७ च्या मधेच. तिने तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच.

ही गोष्ट लिओनार्दो दा विंचीने पंधराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या वह्यांमध्ये ठोकळ्यांची चित्रं काढून नोंदवली होती, पण त्या वह्या छापल्या गेल्या नाहीत. १६९९ मध्ये फ्रान्समध्ये गियोम अमोंतोंने हेच दोन नियम पुन्हा मांडले, आणि १७८५ मध्ये कुलोंबने कितीतरी प्रयोगांनी ते तपासून पक्के केले. विद्युतभारांचा नियम ज्याच्या नावाने शिकवतात तोच हा कुलोंब. पुस्तिकेत यांपैकी कुणाचंच नाव नाही. एक परिच्छेद दिला असता तर मुलांना कळलं असतं की आपण टेबलावर जे केलं ते शोधायला माणसांना तीनशे वर्षं लागली.

माझी खरी तक्रार पुस्तिकेच्या सातव्या आणि नवव्या पानाबद्दल आहे.

सातव्या पानावर चौकटीत लिहिलं आहे: 'घर्षण बल नेहमी गतीच्या विरुद्ध दिशेने कार्य करते.' हे वाक्य पुष्कळ ठिकाणी छापलेलं आढळतं, आणि पुष्कळ घोटाळा त्यातूनच होतो. आपण चालतो तेव्हा पाय जमिनीला मागे रेटतो. घर्षण नसतं तर पाय मागे घसरला असता. त्या घसरण्याला घर्षण विरोध करतं, म्हणून पायावर ते पुढच्या दिशेने लागतं, आणि तेच आपल्याला पुढे नेतं. घर्षण विरोध करतं ते दोन पृष्ठभागांच्या एकमेकांवर घसरण्याला, वस्तूच्या पुढे जाण्याला नाही. ट्रक वेग घेत असताना हौद्यात ठेवलेली पेटी त्याच्याबरोबर वेग घेते तीही हौद्याच्या घर्षणामुळेच, आणि तिथेही ते गतीच्याच दिशेला असतं.

गंमत म्हणजे हे दाखवायचं सामान याच खोक्यात आहे. चार गोल पेन्सिली टेबलावर आडव्या ठेवा, त्यांवर पुठ्ठ्याची लांब पट्टी ठेवा, आणि पट्टीवर चावी दिलेली गाडी सोडा. गाडी पुढे जाते आणि पट्टी मागे पळते. चाकांनी पट्टीला मागे ढकललं हे डोळ्यांना दिसतं, मग पट्टीने चाकांना पुढे ढकललं हे सांगावंसुद्धा लागत नाही. हा प्रयोग दोघांनी इतक्या वेळा केला की चावी सैल झाली. पुस्तिकेत गाडीचा उपयोग एवढाच दिला आहे की ती फळीवर सोडा आणि कापडावर सोडा, आणि कुठे लांब जाते ते बघा. एवढ्या चांगल्या वस्तूचा इतकाच वापर पाहून खरंच वाईट वाटलं.

नवव्या पानावर म्हटलं आहे की पृष्ठभागाच्या खडबडीतपणामुळे घर्षण होतं आणि जितका गुळगुळीत तितकं घर्षण कमी. सोबत दोन करवतींचे दात एकमेकांत अडकल्यासारखं चित्र. ही गोष्ट अर्धीच खरी आहे, आणि टूलरूममध्ये काम केलेल्या माणसाला ती सहज पटणार नाही. आमच्याकडे मापं तपासायला स्लिप गेज असतात, पोलादाचे अतिशय गुळगुळीत, आरशासारखे ठोकळे. १८९६ च्या सुमारास योहान्सन नावाच्या स्वीडिश तंत्रज्ञाने ते काढले. दोन स्लिप गेज स्वच्छ पुसून एकावर एक सरकवत दाबले की असे चिकटतात की वरचा उचलला तर खालचाही उचलला जातो. गुळगुळीतपणाच्या शेवटी निसरडेपणा असता तर असं झालं नसतं.

घरी गेज नव्हते, म्हणून संचातल्या काचेच्या दोन पट्ट्या साबणाने धुऊन कोरड्या केल्या. आधी बोटांचे ठसे असलेल्या पट्ट्या एकमेकींवर सहज सरकत होत्या. धुतल्यावर त्या अडखळायला लागल्या, कर्र आवाज करून थांबायच्या. काच तीच, गुळगुळीतपणा तोच. गेला होता फक्त मधला तेलकट थर.

रबराचंही तसंच. डोळे मिटून हाताला लावलं तर दोघांच्याही मते सगळ्यात खडबडीत सँडपेपर. पण ठोकळ्याला सुटायला सँडपेपरवर १.४ न्यूटन लागले आणि रबरावर १.७. खडबडीतपणाच्या क्रमाने आकडे येणार असं पुस्तिकेने सांगितलं होतं, ते आले नाहीत. लेकीला वाटलं आपलंच चुकलं. मी तिला सांगितलं, चूक काट्याची नाही आणि तुझीही नाही.

विसाव्या शतकात बाउडन आणि टेबर या दोन शास्त्रज्ञांनी यामागचं कारण उलगडलं. पृष्ठभाग डोळ्यांना सपाट दिसले तरी सूक्ष्म पातळीवर ते डोंगररांगांसारखे असतात, आणि एकमेकांना टेकतात ती फक्त काही शिखरं. खरी टेकणारी जागा दिसणाऱ्या जागेच्या अगदी छोट्या भागाइतकी असते. तिथे रेणू एकमेकांना धरतात, आणि सरकताना ती पकड तोडावी लागते. वजन वाढलं की शिखरं दबतात, टेकणारी जागा वाढते, म्हणून घर्षण वाढतं. ठोकळा अरुंद बाजूवर ठेवला तर टेकणारी शिखरं कमी पण प्रत्येकावर दाब जास्त, त्यामुळे खरी टेकलेली जागा तेवढीच राहते. अरुंद बाजूच्या प्रयोगाचं कोडं याने सुटतं, करवतीच्या दातांनी सुटत नाही. हे मी आठवीच्या मुलीला दहा मिनिटांत सांगू शकलो, तर पुस्तिकेलाही सांगता आलं असतं. रबर मऊ असल्याने दुसऱ्या पृष्ठभागाच्या खाचाखोचांत बसतं आणि चांगलंच धरतं. कोरड्या ट्रॅकवर शर्यतीच्या गाड्यांना नक्षी नसलेले गुळगुळीत टायर लावतात ते यासाठीच. आपल्या टायरवरची नक्षी मुख्यतः पावसाचं पाणी बाहेर काढण्यासाठी असते. हे ऐकून भाचा खाली जाऊन सगळ्यांच्या गाड्यांचे टायर बघून आला.

उताराचा प्रयोग मला सगळ्यात देखणा वाटला. फळीचं एक टोक हळूहळू उचलायचं, ठोकळा सुटेल तिथे थांबायचं. आमचा ठोकळा २४ अंशांवर सुटला. दोन्ही वजनं ठेवून केलं तरी २४. लेकीला वाटत होतं जड ठोकळा लवकर घसरेल, भाच्याला वाटत होतं उशिरा. दोघांचे अंदाज चुकले, कारण वजनाबरोबर खाली खेचणारा वाटा आणि फळीवर दाबणारा वाटा दोन्ही सारखेच वाढतात. कोनांची त्रिकोणमिती आठवीत नसते, म्हणून आम्ही पट्टी लावली. पायथ्यापासून आडवं अंतर ४० सेंटिमीटर, तिथे फळीची उंची १८. भागाकार ०.४५. मग वहीचं पहिलं पान काढलं: सुटायला ०.९ न्यूटन, ठोकळ्याचं वजन साधारण २ न्यूटन. भागाकार ०.४५. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा. तिने स्वतःच्या हाताने त्या दोन भागाकारांभोवती चौकट केली. त्या आकड्याला घर्षणांक म्हणतात हे मी नंतर सांगितलं. नाव आधी सांगितलं असतं तर ते पाठ करून ती मोकळी झाली असती.

पुढचं थोडक्यात. गोट्यांचा प्रयोग ठीक आहे, डबीच्या झाकणाखाली गोट्या ठेवून ठोकळा ओढला की काटा जेमतेम हलतो. बेअरिंग समजावायला एवढं पुरतं. घरात जुनं बेअरिंग असेल तर हातात द्या, बोटाने फिरवू द्या. 'घर्षण मित्र की शत्रू' हे पान निबंधासारखं आहे, आम्ही ते वाचून पुढे गेलो. हवेतल्या आणि पाण्यातल्या घर्षणावर एक पान आहे आणि सामान काहीच नाही. एक कागद सपाट आणि एक चुरगाळून गोळा केलेला असे सोबत सोडून दाखवले तर काम होतं.

तेलाबद्दल मात्र सावध करतो. पुस्तिका सांगते, फळीवर तेलाचे थेंब टाका आणि घर्षण कमी झालेलं बघा. कमी होतंच. पण फळी कच्च्या लाकडाची आहे, तेल तिच्यात मुरतं आणि निघत नाही. आमची फळी त्या दिवसापासून कायमची बदलली, २४ अंश पुन्हा आले नाहीत. तेलाचा प्रयोग काचेच्या पट्टीवर करा, नंतर साबणाने धुता येते. लाकडासाठी पेन्सिलीच्या शिशाची पूड चांगली, तीही फळीच्या एका टोकालाच.

घ्यावा का? आई, बाबा, मामा, आत्या किंवा शिक्षक कुणीतरी शेजारी बसणार असेल तर जरूर घ्या. सामान चांगलं आहे, आकडे भरवशाचे येतात, आणि मुलं हाताने करतात. मुलाला खोकं देऊन मोठे आपल्या कामाला लागणार असतील तर सात आणि नऊ ही पानं त्याच्या डोक्यात चुकीची गोष्ट पक्की करतील. पुढच्या आवृत्तीत बनवणाऱ्यांनी ही दोन पानं बदलावीत, पहिल्या तक्त्यात ठोकळा हलायच्या आधीचे रकाने घालावेत आणि दुसरी एक कोरडी फळी द्यावी, असं मी त्यांना लिहून पाठवलं आहे.

मी नवी फळी रंधा मारून घरीच केली. सध्या तिच्यावर ठोकळा दोन्ही वजनांसह ठेवलेला आहे आणि कुणी हात लावायचा नाही असा कागद शेजारी चिकटवला आहे. लेकीच्या लक्षात आलं होतं की लगेच ओढलेल्या ठोकळ्यापेक्षा बराच वेळ ठेवलेल्या ठोकळ्याला सुटायला किंचित जास्त जोर लागतो. कुलोंबनेही लाकडावर हेच मोजलं होतं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. रविवारी सकाळी आठवडा पूर्ण होतो, तेव्हा ती काटा लावणार आहे.